महरीनचा डावा पाय

डाव्या चपलेचा तळ उजवीच्या कितीतरी आधी झिजतो, ही गोष्ट महरीन होडेकरला गोखले नाक्यावरच्या चपलांच्या दुकानात कळली. दुकानदाराने तिचा जुना जोड उलटा करून पाहिला आणि विचारलं, ताई, पायाला काही दुखापत आहे का, एकाच अंगावर भार देऊन चालता काय. महरीन म्हणाली, चालत नाही मी, गाडी चालवते. दुकानदाराला त्यातून काही उमगलं नाही, आणि समजावून सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने नवा जोड घेतला, पिशवीत घातला आणि उताराला लावलेल्या गाडीकडे निघाली. गाडी ती नेहमी उतारालाच लावायची, तोंड खाली करून. निघताना हँडब्रेक सोडला की गाडी आपसूक घरंगळायला लागे आणि क्लचशी होणारी पहिली झटापट तेवढी वाचे.

महरीन राजिवड्यात राहायची. घरात सासू शरीफा, शाळेत जाणारी मुलगी आयात आणि ती, अशा तिघी. नवरा यासीन दोह्याला, एका मोठ्या इमारतीच्या एसी प्लांटवर फोरमन. लग्नाआधी महरीनने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता. यासीन गेल्यावर ती शहरातल्या एका लॅबमध्ये लागली. तिचं काम घरोघर जाऊन रक्त घ्यायचं. भाट्ये पुलापलीकडची गावं तिच्याकडे होती, कसोप, फणसोप, गोळप, पार पावसपर्यंत. त्या गावांतली कर्ती माणसं मुंबईला आणि म्हातारी घरी. म्हाताऱ्यांची साखर किती, थायरॉइड किती, किडनीचं काय, हे मुलं मुंबईत बसून मोबाइलवर बघत. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून ही माणसं चहावाचून ताटकळत बसलेली असायची, त्यामुळे महरीनला उजाडताच निघावं लागे.

गाडी यासीनची. लहानशी डिझेल गाडी, मागच्या काचेवरची लाल पट्टी सोडली तर बाहेरून चारचौघींसारखी. वेगळं जे काही होतं ते आत. यासीनला मिसरूड फुटल्यापासून गाड्यांचा नाद. तो आणि त्याचे दोन-तीन दोस्त रविवारी सकाळी आंबा घाट चढून जात, वर चहा पीत आणि परत येत. कोणाची गाडी कुठल्या वळणावर मागे पडली, यावर पुढचा आठवडा गप्पा चालत. त्या नादात त्याने इंजिनाचं ट्यूनिंग करून घेतलं. कोणीतरी लॅपटॉप जोडून आतलं गणित बदललं आणि गाडीची ताकद वाढली. पण त्यानंतर घाटात नवंच दुखणं सुरू झालं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकायची नाही. कंपनीचा क्लच वाढलेली ताकद पेलत नव्हता, घसरत होता. दोस्तांनी कोल्हापूरच्या एका गॅरेजचं नाव सांगितलं, आणि तिथे जाऊन यासीनने शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसला क्लच बसवून घेतला. त्याच्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग भलतीच कडक, आणि डिस्कवर नेहमीच्या मऊ अस्तराऐवजी सिरॅमिकचे वडीएवढे तुकडे. तो क्लच एकदा धरला की धरला, घसरायचं नाव नाही. त्या रविवारी आंबा घाटात यासीनची गाडी सगळ्यांच्या पुढे होती. घरी आल्यावर त्याने ती हकीकत जेवताना सांगितली, आणि हात धुताना पुन्हा सांगितली. महरीनने दोन्ही वेळा ऐकली. त्याला एवढं खुशीत तिने फार वेळा पाहिलं नव्हतं.

पुढे त्याला दोह्याची नोकरी लागली. निघायच्या दिवशी त्याने गाडी धुतली, पुसली आणि चावी महरीनच्या हातात दिली.

"सवय झाली ना, की दुसरी गाडी आवडायची नाय तुला," तो म्हणाला.

महरीन गाडी शिकली होती ती ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या, मऊ गाडीवर. यासीनच्या गाडीत पहिल्यांदा एकटी बसली तेव्हा तिला वाटलं, पेडलखाली काहीतरी अडकलंय. वाकून बघितलं तर काही नव्हतं. पाठ सीटला रेटून, मांडीपासून सगळा जोर लावला तेव्हा कुठे ते पेडल खाली गेलं. मग हळूहळू सोडायला घेतलं. अर्ध्यापर्यंत आलं, काही नाही. पाऊण आलं, काही नाही. अगदी वर आल्यावर मागून कोणीतरी लाथ घालावी तशी गाडी पुढे उडाली आणि बंद पडली. तिने पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. गल्लीच्या तोंडापर्यंत जाईतो तिचा कुर्ता घामाने पाठीला चिकटला होता. संध्याकाळी यासीनचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिने विचारलं, हाफ क्लचवर गाडी कशी धरायची. तो हसला.

"हाफ क्लच विसर. ह्याला हाफ नसतो. सोडायचा तर सोडायचा."

ती शिकली. शिकण्यावाचून इलाज नव्हता. रिक्षाने एवढी गावं होत नव्हती, एसटीने तर नाहीच, आणि स्कूटरवर थंड डबा घेऊन पावसात जाता येत नव्हतं. सीट पुढे ओढून पाठीमागे उशी घालायची, पुढची गाडी थांबताना दिसली की लांबूनच वेग कमी करायचा, म्हणजे थांबायची पाळीच येऊ नये, अशा युक्त्या तिच्या अंगवळणी पडल्या. मागचे हॉर्न वाजवत. वाजवू देत, असं म्हणायला ती शिकली. शाळा सुटायच्या वेळी जयस्तंभाकडे जायचं नाही. साळवी स्टॉपच्या गर्दीत शिरायचं नाही. मारुती मंदिरापाशी थांबावंच लागलं तर लगेच न्यूट्रल करून पाय काढायचा. न्यूट्रलमध्ये गाडी खुळखुळे, डब्यात खिळे घालून हलवावे तसा आवाज येई. कोल्हापूरवाल्यांनी क्लचबरोबर फ्लायव्हीलही, म्हणजे क्लच जिला टेकतो ती इंजिनाची जड चकतीही, बदलली होती, तिचा तो आवाज. शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघत. एखादा भला माणूस सांगे, ताई, इंजिनात काहीतरी सुटलंय. ती मान हलवून आभार मानायची.

पावसाळ्यातली ओलसर सकाळ सगळ्यात वाईट. दमट हवेत तो क्लच आणखी हट्टी होई. चढावर गाडी हलवताना अख्खी गाडी थडथड करे, डॅशबोर्डवरची आयातची प्लॅस्टिकची मांजर मान हलवत राही. रक्ताच्या ट्यूबा असलेला थंड डबा महरीन पुढच्या सीटवर ठेवी, खाली गोधडीची घडी घाली आणि वरून सीटबेल्ट लावी. बघणाऱ्याला वाटावं, बाई तान्हं मूल घेऊन चाललीय.

घरी शरीफा त्या गाडीत बसायला कधी राजी नसे. दवाखान्यात जायचं झालं तरी रिक्षा बोलवायला लावी. पण गाडी शुक्रवारी धुतली गेली पाहिजे, हा तिचा दंडक होता. मुलगा नाही तर मुलाची गाडी तरी दारात चकचकीत दिसावी, एवढंच तिचं म्हणणं. महरीन बादली घेऊन जायची, धुवायची. त्या वेळी तिला गाडीचा राग यायचा नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. काम करून, स्वयंपाक करून, आयातचा अभ्यास घेऊन ती पाठ टेकायची तेव्हा डावी पोटरी आपली आपण उडत राहायची, आणि ती नुसती तिच्याकडे बघत पडायची.

यासीनला तिने सांगितलं नाही असं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, सीट आणखी पुढे घे. दुसऱ्यांदा म्हणाला, पातळ तळाचे बूट घालून बघ. तिसऱ्यांदा म्हणाला, आत्मारामला दाखव, क्लचचं ऑइल बदलायला झालं असेल. आत्मारामचं उद्यमनगरला गॅरेज होतं, यासीनची गाडी पहिल्यापासून त्याच्याकडेच. त्याने ऑइल बदललं, पेडलचा सांधा ग्रीस केला आणि सरळ सांगितलं की याने फरक पडणार नाही, हा क्लच असाच असतो. साधा बसवायचा तर गिअरबॉक्स उतरवायला लागेल, जुन्या पद्धतीचं फ्लायव्हील मागवायला लागेल, आणि इंजिनाचं ट्यूनिंगही काढायला लागेल, नाहीतर कंपनीचा क्लच पुन्हा घसरेल. एक काढलं की सगळंच काढावं लागतं, वहिनी, असं तो म्हणाला, आणि यासीनभाईला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही, असंही म्हणाला. महरीनने त्या संध्याकाळी यासीनला विचारलं. तो म्हणाला, आता नको काढू, मी सुट्टीवर आलो की बघू. तिने बरं म्हटलं. पुन्हा विषय काढायचं तिच्या मनात अनेकदा आलं. पण फोनवर तो पलीकडून थकलेल्या चेहऱ्याने दिसे, आणि जरा वेळाने म्हणे, गाडी चालू कर ना, आवाज ऐकू दे. ती खाली जाऊन गाडी चालू करायची आणि मोबाइल बॉनेटजवळ धरायची.

गोळपला यमुनाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. दोन्ही मुलगे नालासोपाऱ्याला, ह्या एकट्या आंब्याच्या कलमांच्या बागेत राहायच्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या होत्या आणि डॉक्टरांनी पोटॅशियमची तपासणी सांगितली होती. महरीन गेली, त्यांच्या बारीक शिरेतून सांभाळून रक्त घेतलं, डबा बांधला आणि निघाली. पाऊस नुकताच थांबला होता. घाटीत जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ट्रक पुढे होता, तो थांबत-थांबत चढत होता, आणि त्याच्यामागे महरीनची गाडी सारखी थडथडत उठत होती, बसत होती.

दुपारी लॅबमधून सानिकाने बोलावलं. सानिका मशीनवर काम करायची. तिने ट्यूब उजेडात धरून दाखवली. रक्त साकळल्यावर वर पिवळसर पाणी राहायला हवं, ते लालसर झालं होतं. पेशी फुटल्या होत्या. अशा रक्तावर पोटॅशियम खोटंच जास्त दाखवतं, तपासणीचा उपयोग नाही. सानिका काही लागट बोलली नाही. शीर बारीक असली तरी असं होतं, हलल्यानेही होतं, नक्की सांगता येत नाही, असं म्हणाली. महरीनला तेवढी सवलत नको होती. सकाळभरात घाटीत गाडी कशी हादरली ते तिला माहीत होतं.

पुन्हा रक्त घ्यायला ती त्याच दिवशी परत गोळपला गेली. यमुनाबाई जेवून पडल्या होत्या. परत रक्त म्हटल्यावर त्या उठून बसल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय निघालं गो बाय माझ्या रक्तात?"

काही निघालं नाही, तपासणी झालीच नाही, म्हणून परत घ्यायला आले, असं महरीनने सांगितलं. त्यांना पटलं नाही. शेजारच्या वाडीतल्या बाईचं असंच दोनदा रक्त घेतलं आणि मग तिला कोल्हापूरला नेलं, ती परत आलीच नाही, असं त्या सांगू लागल्या. त्यांनी मुलाला फोन लावला. मुलाने फोन महरीनला द्यायला सांगितला आणि आवाज चढवून विचारलं की तुम्ही आईपासून काय लपवताय. महरीनने त्यालाही तेच सांगितलं, जमेल तेवढ्या शांतपणे. तो म्हणाला, मी लॅबमध्ये फोन करतो. करा, ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती यमुनाबाईंसमोर खाली बसली आणि खरं काय ते सांगून टाकलं. रक्तात काही नाही, माझी गाडी फार हादरते, तिच्यात तुमचं रक्त खराब झालं. यमुनाबाईंनी घरापुढच्या खळ्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"मग हीच कशाला चालवतेस?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो, साधं विचारणं होतं. नवऱ्याची आहे, हे उत्तर महरीनच्या ओठांवर आलं, पण मोठ्याने म्हणायच्या आधीच तिला ते अपुरं वाटलं. यमुनाबाईंनी मग दुसरा हात पुढे केला. या वेळी रक्त साकळेपर्यंत महरीन तिथेच थांबली, म्हणजे वाटेत पेशी फुटायची भीती कमी.

परत येताना राजिवड्याच्या वरच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढे कुठेतरी टेम्पो आडवा झाला होता. महरीन चढावरच अडकली, मागे रिक्षा चिकटून उभी. रांग हातभर सरकायची आणि थांबायची. हँडब्रेक ओढायचा, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, सोडायचा, गाडी उडी मारणार, पुन्हा ब्रेक. असं किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा तिने हँडब्रेक सोडला आणि डावा पाय तिच्या सांगण्याबाहेर गेला. गुडघ्यापासून खाली थरथरत होता, पेडल धरवेना. गाडी बंद पडली, मागे घरंगळली आणि रिक्षाच्या तोंडाला टेकली. आवाज फारसा झाला नाही. रिक्षावाला उतरून तावातावाने खिडकीशी आला. आत बघितल्यावर त्याचा ताव उतरला. महरीन दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून बसली होती.

तो म्हणाला, ताई, तुम्ही बाजूला व्हा, मी चढ काढून देतो. ती उतरली आणि रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकली. रिक्षावाला बसला, गाडी चालू केली, आणि बंद पाडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पाडली. मागचे हॉर्न वाजवू लागले. तिसऱ्या वेळी तो खाली उतरला आणि कपाळ पुसत म्हणाला, "ही कसली गाडी हाय तुमची?"

शेवटी तिची गाडी तिलाच चढवावी लागली. रिक्षावाल्याने मागच्या चाकांना दगड लावला आणि ती निघाल्यावर काढून घेतला.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हलवून, दाबून पाहिला, फोटो काढला. वाटीच्या मागची गादी झिजायला लागलीय, असं ते म्हणाले. रोज काय काम करता, कुठे वजन उचलता काय, असं विचारलं. तिने क्लचचं सांगितलं. त्यांनी जरा नवलाने पाहिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, शक्य असेल तर गाडी बदला, कारण पाय बदलता येत नाही.

त्या आठवड्यात तिने यासीनला रिक्षाचं सांगितलं. त्याने आधी विचारलं, कुणाला लागलं का. मग विचारलं, बंपरला किती मार बसला. ती म्हणाली, ओरखडा आहे. मग म्हणाली, मला झोप आलीय, आणि फोन ठेवला.

यासीन सुट्टीवर आला तो पावसाळा सरता सरता. दाढीत पांढरे केस आले होते, पोट सुटलं होतं. पहिल्या सकाळी चहा घेऊन तो एकटाच गाडी घेऊन गेला. भाट्याचा सरळ रस्ता मोकळा होता, गाडी धावली असणार, कारण परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर जुनं हसू होतं. आयातला मांडीवर घेऊन तो तिला इंजिनाचा आवाज कसा ओळखायचा ते सांगत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने आईला आग्रह करून बाजारात नेलं. दोघं परत आली तेव्हा यासीनचा शर्ट भिजला होता आणि शरीफा कंबरेवर हात ठेवून उतरली.

"ह्या गाडीत मी परत बसणार नाय," ती म्हणाली आणि आत गेली.

आठवडा बाजाराच्या गर्दीत गाडी त्याच्या हातून बंद पडली होती, ओळखीच्या माणसांसमोर. तसं त्याने स्वतः सांगितलं नाही, शरीफाने सांगितलं. महरीन जेवणं झाल्यावर एवढंच म्हणाली, की उद्या माझ्याबरोबर चल, गाडी तूच चालव.

तो आला. पहिल्या दोन घरांपर्यंत तो बोलत होता, गिअर कधी टाकायचा, इंजिनाचा आवाज कुठे बदलतो, असलं काहीतरी. तिसऱ्या घरानंतर गप्प झाला. फणसोपच्या एका अरुंद पाणंदीत समोरून ट्रॅक्टर आला. मागे घ्यायचं, पुढे काढायचं, परत मागे घ्यायचं, आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. यासीनने दोनदा गाडी बंद पाडली. महरीन डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक हिसक्याला तो उचलून धरत होती. त्याने ते पाहिलं. गोळपची घाटी चढून झाल्यावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि पोटरी चोळत उभा राहिला. पेटका आला होता. महरीनला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचं थोडं वाईटही वाटलं. हे असंच व्हावं असं तिला दोन वर्षं कुठेतरी वाटत होतं, आणि आता झालं तर त्यात काही चव नव्हती.

परत येताना भाट्याला सुरूच्या बनाशी तो थांबला. गाडी बंद केली तरी हात स्टिअरिंगवरच होते.

"तू मला सांगितलं का नायस?"

"सांगितलं होतं."

"एवढं हाय हे नाय सांगितलंस."

"मी पायाचं सांगत होते," महरीन म्हणाली. "तू गाडीचं ऐकत होतास."

यासीन मग हळूहळू बोलायला लागला. तिकडे खोलीत सहा जण, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. झोप आली नाही की तो आंबा घाटातला जुना व्हिडिओ लावतो. इकडचं सगळं बदलत चाललंय, आयात एवढी उंच झाली, अम्मीला कमी ऐकू येतं, घरात भांडी कुठे ठेवतात ते त्याला ठाऊक नाही. गाडी तेवढी तो सोडून गेला तशी होती. ती बदलली तर परत यायचं कुठे, असं काहीबाही त्याच्या मनात यायचं. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित स्वतःलाही नसेल.

"ती तशीच राहावी म्हणून मी रोज तो क्लच दाबतेय," महरीन म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलता आलं असतं. यमुनाबाईंच्या उतरलेल्या चेहऱ्याचं, रिक्षाचं, बॉनेटजवळ धरलेल्या मोबाइलचं. पण डबा वेळेत लॅबमध्ये पोचायचा होता. तिने त्याला उतरायला सांगितलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या जागी बसली.

आत्मारामने गाडी कामाला घेतली. यासीन रोज गॅरेजवर जाऊन बसू लागला. त्याला वाटत होतं, क्लच साधा बसवू पण ट्यूनिंग राहू दे. आत्मारामने समजावलं, राहू दिलं तर पुढच्या पावसाआधी हा क्लच जळेल, मग वहिनी पावस गावच्या रस्त्यावर एकट्या उभ्या राहतील. मग यासीनने ट्यूनिंगही काढायला सांगितलं. सामान यायला वेळ लागला, तेवढे दिवस महरीनने भाड्याची रिक्षा ठरवून काम भागवलं. काढलेली डिस्क एका दोस्ताने मागितली, यासीनने ती देऊन टाकली. त्या संध्याकाळी जेवताना महरीनने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्याने ती खाल्ली.

गाडी परत आली तेव्हा पहिल्या वेळी महरीनचा पाय पेडलसकट खाली धाडकन आपटला. दोन वर्षं जेवढा जोर लावायची तेवढा लावला होता आणि समोर अडवणारं काहीच नव्हतं. सोडतानाही तिने सवयीने झटकन सोडला, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. शेजारी यासीन बसला होता. तो हसला नाही. हळू, असं म्हणाला. हाफ क्लच तिला नव्याने शिकावा लागला. पाय मऊ पडायला कितीतरी दिवस गेले, आणि त्या दिवसांत तिला उगीचच चुकल्यासारखं होई, जणू जिना उतरताना एक पायरी कमी निघावी.

सुट्टी संपली, यासीन परत गेला. आता फोनवर तो आधी गुडघ्याचं विचारतो, मग गाडीचं. कधी कधी उलटं. गुडघा पूर्ण बरा झालेला नाही. जे झिजलं ते भरून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि नमाजाला बसताना, जिना चढताना तिला ते कळतं. दमणं काही संपलं नाही. गावं तेवढीच आहेत, म्हातारी माणसं वाढलीच आहेत, आणि घरी परतल्यावर चूल तिचीच आहे. गाडीमुळे दमायची तेवढं बाजूला निघालं, म्हणजे उरलेलं दमणं कशाचं ते तिला स्पष्ट दिसायला लागलं.

परवा सकाळी भाट्ये पुलावर डागडुजी चालली होती. एकाच बाजूने वाहनं सोडत होते. महरीन रांगेत होती, पुढे सरकत होती, थांबत होती, परत सरकत होती. खाली खाडीत दोन होड्या परतत होत्या. तिच्या मनात चाललं होतं, की आज बांगडे मिळाले तर बरं, नाहीतर पेडवेच घ्यावे लागतील, आणि आयातचा गणवेश वाळला असेल की नाही. पूल अर्धा ओलांडल्यावर तिच्या ध्यानात आलं, की घरातून निघाल्यापासून आपल्या डाव्या पायाचा विचार एकदाही मनात आला नाही. पलीकडच्या माणसाने हिरवा झेंडा दाखवला. महरीनने गिअर टाकला आणि गाडी कसोपच्या रस्त्याला लावली.